उंबरठ्याबाहेरचं भूत

(किल्लारीत तरुण मित्रांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीत माल उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. साहित्यावर बोल म्हणालात, तर मी भुतांवर बोलणार आहे. हसू नका.

पाळी संपली की मी रद्दीवाल्याकडच्या भयकादंबऱ्या वाचतो. नारायण धारप (१९२५–२००८) हे त्यातलं मोठं नाव. त्यांचं भूत लवकर दिसत नाही. आधी गारठा येतो, वास येतो, बंद खोलीत कुणीतरी आहे असं वाटत राहतं. शेवटी समर्थ येतात आणि निस्तरतात. रत्नाकर मतकरींकडे (१९३८–२०२०) समर्थ नाहीत. तिथं भीती साध्यासुध्या माणसाच्या डोक्यातच घर करून बसते. दोघांनीही मला रात्र रात्र जागवलं. कबूल.

पण एक खटकतं. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) नियम आहे. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय त्या रक्तपिपासूला उंबरठा ओलांडता येत नाही. हे वाचलं आणि मला आजी आठवली. ती याच भागातल्या एका गावची. वाड्याचं शेत राबायची आणि भाकरीला वाड्याच्या दाराबाहेर उभी राहायची. ड्रॅक्युलाला बोलावल्यावर तरी आत जाता येतं. आजीला कुणी बोलावलंच नाही. म्हणजे दाराबाहेरच्या ज्याला घर भितं, ते आम्हीच की!

आता किल्लारीचं भय. ते कुणी रचलेलं नाही. १९९२ सालीच इथं धक्के बसत होते. आजी म्हणते, "भुई गुरगुरायली हुती, पोरा." दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू यायचं. लोक बाहेर झोपू लागले. भूकंपाच्या नकाशात मात्र हा पट्टा तेव्हा सगळ्यांत कमी धोक्याचा. मग गुरगुर थंडावली. माणसं घरात परतली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. सुमारे दहा हजार माणसं गेली. जमीन हलली, पण जीव घेतला घरांनी. हातभर जाड दगडी भिंती, नुसत्या मातीत रचलेल्या. वर मातीचं जड माळवद. ज्याच्या भरवशावर दार लावून झोपले, तेच अंगावर आलं.

आजी कुडाच्या झोपडीत होती, म्हणून वाचली. उजाडायच्या आत ती त्याच वाड्याच्या ढिगाऱ्यावर चढून हातानं दगड उपसत होती. उंबरठा खाली गाडला गेला होता. त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही.

यात मला सूड दिसत नाही. मेलेल्यांत आमचेही होते. पण पुढं बघा. नवी गावं वसली, तेव्हा घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीनाला २५० चौरस फूट, सात हेक्टरच्या वरच्याला ७५०. भूकंपानं मोडलेलं सरकारी पट्टीनं पुन्हा मोजून बसवलं.

तर लिहिणाऱ्या पोरांनो, भयकथा जरूर लिहा. पण वाड्याच्या आतून नको, दाराबाहेर उभं राहून लिहा. आमचं निस्तरायला कुणी समर्थ येत नसतात. घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारा, कशाची भीती वाटायची? भुताची म्हणाले, तर पुन्हा विचारा.

माझी आजी अजून रात्री दाराला कडी घालत नाही. मी विचारलं, "का गं, चोराचं भ्या नाही?"

म्हणाली, "चोर येऊ दे. मला भाईर पळाया यावं."

मला ही कादंबरी लिहायची आहे.