कुत्रं पायावर चढतं, तेव्हा
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या आवारात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सचिवांना मी विषय सांगितला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "डॉक्टर, पत्रिकेत काय छापायचं?" शेवटी 'पाळीव कुत्र्यांची काळजी' असं छापलं. पण मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. वयात येणारं कुत्रं माणसाच्या पायाला मिठी मारतं, उशीवर, दुसऱ्या कुत्र्यावर चढतं, कंबर हलवतं, त्यावर. पंचवीस वर्षांत आपलं पार्किंग, पाणी आणि गच्चीची गळती यांवर भरपूर बोलून झालं. यावर कोणी बोलत नाही, आणि त्यापायी चांगली कुत्री घराबाहेर जातात.

मी मुळात गुरांचा डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं धुळे जिल्ह्यात, साक्री-शिरपूरकडे गेली. गाय माजावर आली की दुसऱ्या गायीवर चढते, किंवा दुसरी चढली तर ही शांत उभी राहते. शेतकरी त्यावरूनच माज ओळखतो आणि आम्हाला बोलावतो. त्यात त्याला लाजण्यासारखं काही वाटत नाही. तोच प्रकार जळगावात तिसऱ्या मजल्यावर, पाहुण्यांसमोर, सोफ्याजवळ झाला की मात्र घरात भूकंप होतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीतल्या एका कुटुंबाकडे नऊ महिन्यांचा लॅब्रॅडॉर होता. श्रावणात कानबाई बसली. अमळनेर, पारोळा, धुळे, सगळीकडून भाऊबंद आले. पंचवीस-तीस माणसं, रोटांचा वास, ढोल, मुलांची पळापळ. कुत्र्याने एका मावशींचा पाय धरला. पोरांनी टाळ्या पिटल्या. एक आजी म्हणाल्या, "हाऊ काय करी राहिना रे भाऊ?" यजमानांनी चप्पल काढली. कुत्रं ओरडलं, पलंगाखाली गेलं, अर्ध्या तासाने बाहेर आलं आणि दुसऱ्या पाहुण्याच्या पायाला बिलगलं. आठवडाभर हेच चाललं. मग मला फोन आला, "डॉक्टर, मळ्यात सोडून येतो. लाज आणली त्याने."

त्या कुत्र्याचं काय चुकलं होतं? काही नाही. त्याला एवढी गर्दी झेपली नव्हती, इतकंच. पिल्लं महिना-दीड महिन्याची असतानाच खेळता खेळता एकमेकांवर चढतात. नर चढतात, माद्याही चढतात, नसबंदी झालेलेही चढतात. लैंगिक कारण असतं, पण ते अनेकांपैकी एक. फार आनंद, फार भीती, फार कंटाळा, यातलं काहीही अंगात मावेनासं झालं की ते असं बाहेर पडतं. आपण परीक्षेआधी नखं खातो, तसं समजा.

मग चप्पल का चालली नाही? कारण कुत्रं आधीच अस्वस्थ होतं, माराने आणखी झालं. आणि पोरांच्या टाळ्या? ते तर बक्षीसच. आरडाओरड असो की कौतुक, कुत्र्याला सगळं घर आपल्याकडे बघतंय, एवढं मात्र कळतं.

काही जण म्हणतात, 'तो घरातला मुख्य व्हायला बघतोय, त्याला दाबून ठेवा.' हा समज पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून आला. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या पुस्तकाने तो जगभर पसरला, आणि पुढे रानातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९९९ साली स्वतः मेक यांनीच तो दुरुस्त केला. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे एक कुटुंबच. तेव्हा नऊ महिन्यांचं पोर तुमची खुर्ची बळकावायला निघालेलं नाही, निर्धास्त राहा.

आता करायचं काय. त्या यजमानांना मी पहिल्यांदा एक वही करायला सांगितली. किती वाजता, कोणावर, त्याआधी काय घडलं, एवढंच लिहायचं. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं: संध्याकाळी साडेसात, बेल वाजली की. दिवसभर फ्लॅटमध्ये बंद, फिरणं दहा मिनिटं, तेही पार्किंगमध्ये. आपल्याकडे ठेलारी लोकांची कुत्री मेंढरांमागे दिवसभर चालतात. आणि हे तगडं जनावर कूलरसमोर आडवं!

चढण्याआधी कुत्रं खूण देतं. एकटक बघतं, धापा टाकतं, पायाभोवती घिरट्या घालतं, गुडघ्यावर हनुवटी टेकवतं. थांबवायचं ते तिथेच. नाव घ्यायचं, 'बस' म्हणायचं, बसलं की लगेच पनीरचा तुकडा किंवा बिनमिठाचा भाजलेला शेंगदाणा. मनुके आणि द्राक्षं मात्र कुत्र्याला कधीही देऊ नका, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चढलंच, तर ओरडायचं नाही, हसायचं नाही, ढकलायचंही नाही. ढकलाढकली त्याला खेळ वाटते. शांतपणे उठून बाजूला व्हायचं. पाहुणे येणार असतील तर आधी फिरवून आणायचं, घरात हलका पट्टा अडकवून ठेवायचा, पट्टा धरून दुसऱ्या खोलीत न्यायचं आणि जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून द्यायचा. वीस मिनिटं नाकाने शोधत बसलं की निम्मी रग जिरते. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. बाबा 'बस', आई 'खाली', आणि चिरंजीव मोबाइलवर चित्रीकरण करताहेत, असं चालणार नाही.

फिरायला मेहरूण तलावाकडे जा, पण उन्हाळ्यात पहाटे. आपल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. हाताची पाठ डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही.

स्वतःच्या उशीवर कधीमधी चढत असेल तर सोडून द्या, त्यात कोणाचं नुकसान नाही. दुसरं कुत्रं वैतागत असेल तर लगेच वेगळं करा, त्यातून मारामारी होते. आणि लहान मुलाला अशा कुत्र्याबरोबर एकटं ठेवू नका. पंचवीस-तीस किलोचं कुत्रं मुलाला सहज पाडतं.

नसबंदीबद्दल सगळे विचारतात. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी ५७ नर कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. नसबंदीनंतर साधारण साठ टक्के किंवा जास्त कुत्र्यांमध्ये हा प्रकार निम्म्याहून खाली आला. जवळजवळ पूर्ण थांबला तो मात्र थोड्यांमध्येच. म्हणजे शस्त्रक्रियेचा उपयोग आहे, पण लागलेली सवय टाक्यांबरोबर निघून जात नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्याला वर्षाचं होऊ द्यावं, असं माझं मत. तुमच्या कुत्र्याचं वय आणि अंगकाठी बघून डॉक्टर सांगतील.

कधीकधी मात्र हा आजार असतो. सतत तिथेच चाटणं, थेंब थेंब लघवी, लघवीत रक्त, एकाएकी वाढलेलं चढणं, अशा वेळी आधी तपासणी. लिंग बाहेर येऊन आत जात नसेल, सुजलं असेल, तर सकाळची वाट बघू नका, तासाभरात दवाखाना गाठा.

कायद्याचं थोडक्यात. भुकेने किंवा तहानेने हाल होण्याची शक्यता असताना पाळलेलं जनावर विनाकारण टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा साधी गोष्ट सांगतो. फ्लॅटमध्ये वाढलेल्या लॅब्रॅडॉरला मळ्यातलं काहीच माहीत नसतं. विहीर माहीत नसते, तिथली कुत्री त्याला टिकू देत नाहीत, आणि तो रस्त्याकडे जातो, कारण गाडीतून माणसं येतात एवढंच त्याला ठाऊक असतं.

तो लॅब्रॅडॉर त्या घरात अजून आहे. दीड-दोन महिने लागले. भाचा आला की आजही एखाद्या वेळी पाय धरतो, मग घरातलं कोणीतरी 'बस' म्हणतं. यंदा कानबाईला मावशी पुन्हा आल्या होत्या, त्यांनीच त्याला रोटाचा तुकडा दिला.

आता प्रश्न. सगळ्यांसमोर विचारायला काहींना अवघड वाटेल. त्यांनी चिठ्ठीवर लिहून सचिवांकडे द्यावं, नाव आणि फ्लॅट नंबर लिहायची गरज नाही.