कामावरील देखरेख

देखरेख हा शब्द उच्चारताच हजेरीपट आणि डोळे वटारून उभा असलेला मुकादम यांचे चित्र मनापुढे येते. वास्तविक तिचा अर्थ पुष्कळ व्यापक आहे. काय साधावयाचे ते आधी ठरविणे, प्रत्यक्षात काय साधले ते वेळोवेळी मोजणे, आणि दोहोंत अंतर पडल्यास कारण शोधून ते भरून काढणे, ही देखरेखीची तीन अंगे होत. हार्वर्ड विद्यापीठातील रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ साली या विषयाची शास्त्रीय मांडणी केली; व्यवहारात मात्र महाराष्ट्राला तो फार जुना आहे.

नागावाहून उत्तरेस अलिबागेला गेले म्हणजे समुद्रात कुलाबा किल्ला दिसतो. त्याच्या बांधणीस शिवाजी महाराजांनी १६८० साली आरंभ केला. महाराजांच्या किल्ल्यांवरील व्यवस्थेचे वर्णन सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासद यांनी आपल्या बखरीत केले आहे. हवालदार हा मुख्य; सरनोबताकडे शिबंदी, सबनिसाकडे हजेरी व लिखापढी, आणि कारखानिसाकडे कोठारे. कारभार करावयाचा तो परस्परांच्या विचाराने. त्यामुळे एकाचे काम दुसऱ्याच्या दप्तरात सहजच उमटे, आणि एकट्याला फितुरी किंवा अफरातफर करणे अवघड होई. प्रामाणिक मनुष्यालाही अशा व्यवस्थेचा आधारच वाटतो. कारण त्याच्या सचोटीला लेखी साक्ष मिळते.

परंतु हिशेब कशासाठी ठेवावयाचा, हे काम करणारास ठाऊक असले पाहिजे. महाराजांनी १६७० नंतरच्या दशकात चिपळूणनजीकच्या छावणीतील अधिकाऱ्यांना पाठविलेले पत्र या दृष्टीने मननीय आहे. पावसाळा पुरेल अशा बेताने दाणा-वैरण खर्च करावी, अशी त्यात ताकीद आहे. दिव्याची जळती वात उंदीर पळवील आणि गंजी पेटेल, इतका बारीक धोकाही दाखविला आहे. मात्र पत्र तेवढ्यावर थांबत नाही. वैरण संपली तर घोडी मरतील, शिपाई कुणब्यांच्या घरी दाणा, गवत उचलावयास जातील, आणि रयतेला मोगल परवडले असे वाटेल, हा परिणाम त्यात स्पष्ट सांगितला आहे. वैरणीच्या मापामागे रयतेचे रक्षण उभे होते.

आजच्या कचेऱ्यांत नेमका हाच दुवा पुष्कळदा तुटलेला असतो. महिन्याचे आकडे भरले जातात. ते कशासाठी, हे कारकुनास कोणी सांगत नाही. नागावच्या नारळाच्या वाडीचेच उदाहरण घ्या. गड्याचे काम केवळ तो किती माडांवर चढला यावर मोजले, तर तो भराभर नारळ उतरवील; परंतु वाळलेल्या झावळ्या काढणे आणि शेंड्याला भुंगा लागला आहे काय ते पाहणे, यांत वेळ का घालवील? तक्ता उत्तम दिसेल, आणि दोन वर्षांनी माडांचे शेंडे झडू लागतील. दोष गड्याचा नव्हे. माप ठरविणाराचा होय.

म्हणून मोजावयाच्या बाबी थोड्या असाव्यात व त्या मूळ हेतूशी जोडलेल्या असाव्यात. आकडा घसरला, तर जाब विचारण्यापूर्वी कारण विचारावे. साधने अपुरी पडली काय, हेही पाहावे. आणि जो इतरांचे काम मोजतो, त्याचेही काम कोणीतरी मोजीत असावे. ज्या व्यवस्थेत एवढे सांभाळले जाते, तेथे मुकादमाला डोळे वटारण्याचा प्रसंग क्वचितच येतो.