माझा 8 जीबीचा लॅपटॉप आणि सगळ्यांची व्हेग्रंटफाइल

आजचा एपिसोड छोटा आहे, पण त्यात माझ्या एका चुकीची कबुली आहे.

पहिल्या नोकरीत मला 8 जीबी रॅमचा लॅपटॉप मिळाला. प्रोजेक्टच्या व्हेग्रंटफाइलमध्ये व्हर्च्युअल मशीनला 6 जीबी दिलेले. ब्राउझर उघडला की सगळं ठप्प. मी तिथे गुपचूप 2 जीबी केलं. मग रोज पुल करायच्या आधी तो बदल स्टॅश करायचा, नंतर परत आणायचा. एका शुक्रवारी घाईत तो कमिट झाला. सोमवारी ज्यांनी मशीन रीलोड केलं, त्यांचा डेटाबेस मेमरीअभावी बंद पडायला लागला. कारण शोधण्यात दोघांचा अर्धा दिवस गेला.

सिनियर ओरडला नाही. त्याने तीन ओळी लिहिल्या.

व्हेग्रंटफाइल म्हणजे शेवटी रुबीचा कोडच. म्हणून तिच्या तळाशी लिहायचं: शेजारी 'व्हेग्रंटफाइल डॉट लोकल' असेल तर लोड कर, नसेल तर गप पुढे जा. तळाशीच का? तर नंतर वाचलेलं सेटिंग आधीच्यावर मात करतं. होम फोल्डरमध्येही स्वतःची व्हेग्रंटफाइल ठेवता येते, पण ती प्रोजेक्टच्या आधी वाचली जाते. प्रोजेक्टने 6 म्हटलं, की तुमचे 2 गेले!

आता काही खाचखळगे. लोकल फाइल गिटइग्नोरमध्ये टाका, आणि एक नमुना फाइल मात्र रिपॉझिटरीत ठेवा. पाथ व्हेग्रंटफाइलच्याच फोल्डरपासून द्या, कारण 'व्हेग्रंट अप' सबफोल्डरमधूनही चालवता येतं. आणि फाइल तपासताना 'एक्झिस्ट' लिहा, 'एक्झिस्ट्स' नाही. शेवटी एस असलेली ती मेथड रुबी 3.2 मध्ये काढून टाकली आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या फाइलमध्ये काय जावं. मेमरी, सीपीयू, पोर्ट, आपले शेअर्ड फोल्डर, म्हणजे जे आपल्या लॅपटॉपपुरतं आहे ते. डेटाबेसचं व्हर्जन तिथे बदललंत, तर 'माझ्याकडे तर चालतंय' हे जुनं भांडण परत सुरू. आणि ती फाइल नसतानाही नव्या माणसाचं मशीन पहिल्या झटक्यात उभं राहिलं पाहिजे. नाहीतर ती ऐच्छिक कसली?

डॉकर कंपोजमध्ये ओव्हरराइड फाइल आपोआप वाचली जाते, तीही याच विचाराने वापरता येते.

तुमच्या टीममध्ये कुणी रोज स्टॅश करत असेल, तर त्याला या तीन ओळी द्या. भेटू पुढच्या भागात!