वेदाचा इंग्रजी भाऊबंद

इंग्रजीत एकेकाळी 'विट' हे क्रियापद सर्रास चालायचं. अर्थ साधा, ठाऊक असणं. रूपं मात्र जरा चमत्कारिक. 'मला ठाऊक आहे' म्हणायचं तर 'आय वॉट' आणि 'ठाऊक होतं' म्हणायचं तर 'आय विस्ट'. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये ही दोन्ही रूपं भेटतात. आज ती कुणाच्या बोलण्यात नाहीत.

या क्रियापदाचं कुळ मात्र आपल्या ओळखीचं आहे. संस्कृतातला 'विद्' धातू याचा सख्खा भाऊबंद. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं. पुढे याकोब ग्रिम यांनी ध्वनिबदलाचा नियम बसवून दिला. त्या नियमाप्रमाणे संस्कृतात जिथे 'द', तिथे इंग्रजीत 'ट' येतो. दश आणि टेन, द्वि आणि टू, पाद आणि फूट. तसंच वेद आणि वॉट.

'वेद' हे केवळ ग्रंथाचं नाव नव्हे. संस्कृतात 'अहं वेद' म्हणजे मी जाणतो. गंमत अशी की हे रूप घडणीनं भूतकाळाचं आणि अर्थानं वर्तमानाचं आहे. मूळ धातूचा अर्थ पाहणं असा होता. जे पाहिलं, ते आता ठाऊक आहे. 'वॉट'चीही ठेवण हीच. म्हणून त्याच्या जुन्या रूपाला 'ही'सोबतसुद्धा शेवटी 'एस' लागत नसे.

मग हे क्रियापद गेलं कुठे? त्याची जागा 'नो'नं घेतली. हा 'नो' म्हणजे आपल्या 'ज्ञा' धातूचा नातेवाईक. मराठीतही असंच घडलं. 'ज्ञा'पासून आलेलं 'जाणणं' आपण रोज वापरतो, पण 'विद्'चं क्रियापद मराठीत उरलं नाही. उरली ती विद्या, विद्वान, विदित, निवेदन अशी मंडळी. तिकडे इंग्रजीतही साक्षीदाराला 'विटनेस' म्हणतात आणि नकळत घडलेल्या गोष्टीला 'अनविटिंग'.

कायद्याच्या भाषेत तर खुद्द क्रियापदच टिकून आहे. एखाद्या इंग्रजी दस्तऐवजात 'टू विट' असे दोन शब्द दिसले, तर बुचकळ्यात पडू नका. त्याचा अर्थ 'म्हणजेच', आणि खरा तपशील त्याच्या पुढेच असतो. तो नीट वाचा, मगच सही करा.