तळेगावची गाडी आणि दुपारची लोकल



लोणावळ्यात धंद्यापाण्याचा विषय निघाला की चिक्की आणि पर्यटक एवढंच बोललं जातं. मी आज जरा खाली, तळेगावकडे बघणार आहे.

उत्पादकता म्हणजे एका माणसाच्या एका तासातून किती मोलाचं काम निघतं, एवढंच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी वाण दिला आणि इथल्या तांदळाला नाव मिळालं. आता त्याच पट्ट्यात पॉलिहाऊसमध्ये गुलाब होतात, व्हॅलेंटाइनच्या आधी विमानाने परदेशी जातात. गुंठ्यामागचं उत्पन्न भातापेक्षा कितीतरी जास्त. पण आत फुलं तोडणारी, प्रतवारी करून जुड्या बांधणारी बाई रोजंदारीवरच असते. तिच्या तासाचं मोल वाढलं म्हणून तिची मजुरी त्याच मापाने वाढते असं नाही. मधली वाढ कुणाच्या खिशात गेली, हे विचारायला पदवी लागत नाही.

माझंच बघा. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझा पगार वेल्डरपेक्षा जास्त आहे, तो मी जास्त घाम गाळतो म्हणून नाही (एसीत कसला घाम!). हातातलं अवजार वेगळं आणि गिऱ्हाईक जगभर, म्हणून.

पण चांगलं अवजार हातात असूनही माणूस घरी बसू शकतो. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. रोबो होते, शिकलेले कामगार होते. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं आणि पुढच्या वर्षी चौदाशेवर कामगारांना कपातीची नोटीस मिळाली. एका चिनी कंपनीशी कारखाना विकण्याचा करार झाला होता. पण एप्रिल २०२० मध्ये केंद्राने शेजारी देशांतल्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली. ती काही मिळाली नाही आणि २०२२ मध्ये करार बारगळला. २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घ्यायचा करार केला. दिल्लीचा तो निर्णय सुरक्षेच्या कारणाने योग्यही असेल, मी त्यात पडत नाही. पण त्या निर्णयाची किंमत ज्या घरांनी मोजली, त्यांच्या हप्त्यांचं काय, हा प्रश्न धोरणाच्या कागदावर कुठेच नव्हता. जीडीपीच्या आकड्यात कारखाना पुन्हा उभा राहतो. पंचेचाळिशीत नोकरी गेलेला माणूस तसा उभा राहत नाही.

आता आपल्या मोहल्ल्याकडे येतो. गॅरेज, पंक्चर, फळांची गाडी, रिक्षा. यात कमीपणा नाही, पण तासाचं मोल कमी आणि उद्याची खात्री शून्य. महमूदूर रहमान समितीने २०१३ मध्ये राज्यातल्या मुसलमानांची हीच स्थिती सरकारपुढे मांडली. २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो चालू ठेवला, तरी पुढे कायदा न झाल्याने संपला. त्यासाठी लढायला हवंच. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? आणि हो, अर्ध्या समाजाला घरात बसवून घराचं उत्पन्न वाढवायची युक्ती अजून कुठल्या इंजिनियरला सापडलेली नाही.

इथे मला दुपारची लोकल महत्त्वाची वाटते. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते. तरी दुपारी जास्त गाड्या सोडा, ही मागणी इथे वर्षानुवर्षं चालू आहे. एक्स्प्रेसवेच्या मिसिंग लिंकने मुंबई-पुण्याचं अंतर सुमारे सहा किलोमीटरने कमी होतं, त्यावर हजारो कोटी खर्च होतात. चांगलंच आहे. पण कॉलेज एक वाजता सुटलेल्या, किंवा तळेगावात पहिली पाळी करणाऱ्या मुलीला वेळेवर गाडी नसेल, तर घरचे म्हणतात, "राहू दे, नको जाऊस." मग त्याला आपण परंपरा म्हणतो. निम्मं कारण रेल्वेच्या वेळापत्रकात असतं.

म्हणून एक काम घेऊन आलोय. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव इथल्या आपल्या वस्त्यांत घरोघर जायचं. बारावीनंतर किती मुली थांबल्या, कशामुळे, गाडी असती तर गेल्या असत्या का, हे लिहून आणायचं. फक्त आपल्याच नाही, शेजारच्या वाड्यांतल्या मुलींचंही. फॉर्म मी बनवलाय, मोबाइलवर भरता येतो. जेवणानंतर ज्यांना यायचंय त्यांनी मागच्या बाकाजवळ थांबा, गावं वाटून घेऊ.