भुसावळची जुनी दफनभूमी



जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळला रेल्वे आली आणि तिच्यासोबत युरोपियन वस्तीही वाढली. त्या काळातली युरोपियन दफनभूमी या शहरात आहे आणि तिथंच मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे.

ईस्ट इंडिया कंपनीनं 1844 मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचं काम मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्यावर सोपवलं. अंधाऱ्या लेण्यांत वर्षानुवर्षं राबून त्यांनी भव्य तैलचित्रं केली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. 1866 मध्ये तिथं आग लागली आणि त्यांतली बहुतेक जळाली. गिल यांनी मात्र पुन्हा कुंचला उचलला, कॅमेराही हाती घेतला. 1879 मध्ये ते वारले. त्यांची सहचरी पारो हिची कबर अजिंठा गावात आहे. या दोघांवर ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं.

अशा कबरी जपायच्या तर पहिला शत्रू पिंपळाचं रोप. ते कोवळं असतानाच काढावं. मूळ जाडावल्यावर ओढलं तर दगडच निखळतात. चुन्याच्या जुन्या बांधकामाला सिमेंट फासू नये. ओल आत कोंडते आणि दगडाचे पोपडे सुटतात. डागडुजी चुन्यानंच करावी. शिलालेख घासायला तारेचा ब्रश किंवा ॲसिड नको. साधं पाणी, मऊ ब्रश पुरे. सकाळच्या तिरप्या उन्हात पुसट अक्षरं उठून दिसतात. तेव्हाच छायाचित्रं काढून मजकुराची नोंद करावी. शाळा-महाविद्यालयांच्या इतिहास मंडळांना हे काम सहज जमण्याजोगं आहे.