लहान धंद्याचे लहानसे कार्ड

(नामपल्ली, हैदराबाद येथील अखिल भारतीय औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल घेतलेले महाराष्ट्रातील कारागीर, बचत गटांचे प्रतिनिधी आणि त्यांच्यासमवेत आलेले अधिकारी व शिक्षक यांच्यापुढे एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



मैदानाचे दरवाजे उघडण्यास अजून थोडा अवकाश आहे. तेवढ्या वेळात आपल्या व्यवसायाशी संबंधित अशी एक लहानशी बाब आपणापुढे मांडावी, या हेतूने मी उभा आहे. बाब इतकी लहान की ती सदऱ्याच्या खिशात मावते. तिला कोणी व्यवसायपत्र म्हणेल, कोणी भेटपत्र म्हणेल. बाजारात मात्र सर्वजण तिला व्हिजिटिंग कार्ड अथवा नुसते कार्ड म्हणतात, आणि मीही तोच शब्द वापरणार आहे.

ज्या भूमीवर आपण बसलो आहोत तिचा इतिहास प्रथम थोडक्यात सांगतो. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पुढाकाराने हे प्रदर्शन पहिल्यांदा भरले, ते जवळच्याच बागे-आम या सार्वजनिक उद्यानात. 'नुमाइश मस्नुआते मुल्की', म्हणजे आपल्या मुलखात तयार झालेल्या वस्तूंचे प्रदर्शन, असे त्याचे नाव होते. १९४६ साली ते सध्याच्या मैदानावर आले. 'नुमाइश' हा शब्द मात्र हैदराबादकरांच्या तोंडी आजही कायम आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. म्हणजे पैठणच्या किंवा नांदेडच्या कारागिराला नामपल्ली हे त्या काळी परक्या मुलखातील ठिकाण नव्हते, ते त्याच्या स्वतःच्या राजधानीतले होते. आज आपण येथे पाहुणे आहोत. दीड महिना दुकान मांडावयाचे आणि मग गाशा गुंडाळून गावी परतावयाचे, असा आपला क्रम आहे.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. फेब्रुवारीत मैदान रिकामे होईल. ज्या बाईंनी आपल्याकडून चादर नेली, त्यांना मार्चमध्ये शेजारणीच्या लग्नासाठी आणखी चार चादरी हव्या झाल्या, तर त्या आपणास कोठे शोधतील? आपले दुकान येथे नाही, पाटी नाही, ओळखपाळख नाही. त्यांच्या हाती उरते ते केवळ कार्ड. गावातल्या दुकानदाराचे कार्ड हरवले तरी त्याचे दुकान जागेवर असते. आपल्या बाबतीत कार्ड हेच दुकान होय.

एक चूक आणि तिची किंमत

या संदर्भात माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका गावचा महिला बचत गट शेंगदाण्याची चटणी, पापड आणि कुरडया घेऊन येथे आला होता. त्यांच्या कार्डाचा मजकूर मी लिहून दिला आणि छापखान्यातून आलेले प्रूफही मीच वाचले. ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांत तेल घालून तपासले. फोन क्रमांकावरून मात्र नुसती नजर फिरविली. त्यातील दोन अंकांची अदलाबदल झाली होती. एक हजार कार्डे छापून आली आणि वाटपही सुरू झाले. दहाव्या दिवशी एक गृहस्थ पुन्हा चटणी न्यावयास आले, तेव्हा त्यांनी सांगितले की या क्रमांकावर कोणी भलताच माणूस बोलतो. तोवर सहाशेहून अधिक कार्डे वाटून झाली होती.

गटाच्या प्रमुख मावशी मला रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, लेक सासरी धाडली अन् माहेरचा पत्ताच चुकीचा दिला, तसं झालं की हो." त्या रात्री स्टॉलच्या दिव्याखाली बसून आम्ही उरलेल्या प्रत्येक कार्डावर पेनाने क्रमांक दुरुस्त केला. कार्ड साध्या, बिनचकाकीच्या जाड कागदाचे होते म्हणून शाई धरली गेली. प्रदर्शनानंतर हैदराबादहून त्यांच्याकडे जी काही मागणी आली, ती सारी त्या हाताने दुरुस्त केलेल्या कार्डांवरून आली. आधीच्या सहाशे कार्डांवरून किती आली असती, हे कळण्यास मार्ग नाही. पण गटातील बारा घरांच्या कमाईतून ती वजा झाली, एवढे निश्चित. तेव्हापासून कार्ड ही शोभेची वस्तू आहे असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

कार्डावर काय असावे

भारतात सामान्यतः कार्डाचा आकार नऊ सेंटीमीटर लांब आणि साडेपाच सेंटीमीटर रुंद असा असतो. एवढ्या जागेत पाच गोष्टी नीट बसतात : व्यवसायाचे नाव, आपण काय तयार करतो ते एका ओळीत, बोलावयाच्या व्यक्तीचे नाव, फोन क्रमांक आणि पिनकोडसह पूर्ण पत्ता. सहावी गोष्ट घालण्यापूर्वी तिच्यावाचून गिऱ्हाइकाचे काही अडेल काय, हे स्वतःस विचारावे.

यांपैकी दुसरी गोष्ट बहुधा विसरली जाते. कार्डावर 'श्री गणेश एंटरप्रायझेस' एवढेच छापलेले असते. महिन्याभराने खिशातून निघालेल्या त्या कार्डाचा धनी चादरी विकतो की चटणी, याचा बोध कोणास होणार? 'हातमागावर विणलेल्या सुती चादरी' अशी एक साधी ओळ हजार विशेषणांचे काम करते.

फोन क्रमांक स्वतःचा आणि टिकाऊ असावा. मुलाचा किंवा भाच्याचा क्रमांक छापावा आणि त्याने तो बदलावा, असे वारंवार घडते. बराच काळ न वापरलेला क्रमांक बंद होऊन दुसऱ्यास दिला जातो, हेही ध्यानी ठेवावे. ज्या क्रमांकावर व्हॉट्सअॅप आहे तो छापल्यास गिऱ्हाईक नमुन्याचे छायाचित्र मागवू शकते.

पत्त्यातील पिनकोडला अनेकजण दुय्यम मानतात. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, याचा आपणास अभिमान वाटावा. एकाच नावाची गावे निरनिराळ्या जिल्ह्यांत असतात, आणि तेलंगणातल्या माणसाने ती कशी ओळखावीत? सहा अंकांत तो घोळ मिटतो.

कोणत्या भाषेत छापावे

नामपल्लीत गिऱ्हाईक तेलुगू बोलते, दख्खनी उर्दू बोलते, हिंदी आणि इंग्रजीही बोलते. देवनागरी वाचणाऱ्यास आपले मराठी कार्ड थोडेफार कळेल. ज्यास केवळ तेलुगू किंवा उर्दू लिपी येते त्यास ते कळणार नाही. म्हणून एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजी किंवा तेलुगू अशी विभागणी करणे श्रेयस्कर. एकाच बाजूस तीन लिप्या दाटीवाटीने कोंबल्या तर कोणतीच वाचली जात नाही.

सोलापूरचे उदाहरण घ्या. तेथील विणकामाच्या धंद्यात पद्मशाली समाजाचा मोठा वाटा आहे. त्यांचे पूर्वज तेलंगणातून आले आणि अनेक घरांत आजही तेलुगू बोलली जाते. अशा घरातील विक्रेता येथे गिऱ्हाइकाशी तेलुगूत भाव करतो, आणि हाती कार्ड मात्र नुसत्या मराठीतले देतो. घरात असलेली भाषा कार्डावर यावयास काय हरकत आहे? तेलुगूत 'ळ' आहे, त्यामुळे 'तुळजापूर' हे नाव इंग्रजीपेक्षा तेलुगूत अधिक शुद्ध उतरते. मात्र प्रत्येक लिपीचे प्रूफ ती लिपी लहानपणापासून वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्यावे.

अंकांविषयी एक सूचना. मजकूर मराठीत असला तरी फोन क्रमांक आणि पिनकोड आंतरराष्ट्रीय अंकांत छापावे. आपला देवनागरी '१' परप्रांतीयास आंतरराष्ट्रीय नवासारखा दिसतो, आणि एका अंकाची चूक काय करते ते आपण नुकतेच ऐकले.

छापखान्यात काय पाहावे

या शहरात छपाईस तोटा नाही. जुन्या शहरातील छत्ता बाजार उर्दू सुलेखन आणि लग्नपत्रिकांच्या छपाईसाठी प्रसिद्धच आहे. कोठेही छापा, परंतु काही गोष्टी समजून घ्या.

ऑफसेट छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाईंसाठी चार प्लेटा लागतात. प्लेटांचा खर्च शंभर कार्डांस जेवढा तेवढाच हजारांस, म्हणून संख्या वाढली की दर कार्डाचा खर्च उतरतो. डिजिटल छपाईत प्लेट लागत नाही, त्यामुळे शंभर-दोनशे कार्डेही परवडतात. नवख्याने आधी थोडी डिजिटल कार्डे छापावीत, ती वापरून चुका ध्यानात घ्याव्यात, आणि मगच हजाराची मागणी द्यावी.

अक्षरे पांढऱ्या किंवा फिक्या पृष्ठभागावर नुसत्या काळ्या शाईत असावीत. गडद रंगाच्या पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरे ठेवली आणि चार रंगांपैकी एखादा केसभर सरकला, की प्रथम अनुस्वार बुजतो आणि मग रफार. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने त्याच मापाचे इंग्रजी अक्षर मोठे दिसते व आपले लहान. म्हणून आठ पॉइंटांहून लहान मराठी अक्षर छापू नये, आणि फोन क्रमांक त्याहून ठळक असावा. कापताना कडा थोडी इकडेतिकडे होते. मजकूर कडेपासून निदान चार-पाच मिलिमीटर आत ठेवावा.

कागद तीनशे ग्रॅमच्या आसपासचा घेतला म्हणजे कार्ड हातात ताठ राहते. चकाकणारे लॅमिनेशन मोहक दिसते, परंतु त्यावर पेन चालत नाही. निदान मागील बाजूस थोडी जागा कोरी आणि बिनचकाकीची ठेवा. गिऱ्हाइकाने घेतलेल्या वस्तूचे नाव, रंग आणि भाव त्या जागी आपल्या हाताने लिहून द्या. पाच स्टॉलवर पाच कार्डे मिळालेला माणूस ज्यावर आपली खरेदी लिहिलेली आहे तेच कार्ड जपून ठेवतो. क्यूआर चौकोन छापणार असाल तर तो दोन सेंटीमीटरांहून लहान नसावा, आणि छपाईपूर्वी दोन-तीन निरनिराळ्या फोनवर तपासावा. बँक खात्याचा क्रमांक कार्डावर छापू नये.

काय टाळावे

काही व्यावसायिक कार्डावर सिंहमुद्रा छापतात. हे केवळ अनुचित नव्हे, तर राजमुद्रेच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. शासनाच्या योजनेत कर्ज मिळाले म्हणून शासनाचे चिन्ह आपले होत नाही. पैठणीला आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; पण ते मानांकन ज्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली त्यानेच कार्डावर मिरवावे. इतरांनी आधी नोंदणी करून घ्यावी. खोट्या दाव्याने खऱ्या विणकराचे नाव बुडते. देवांची चित्रेही शक्यतो नकोत, कारण गर्दीत कार्डे खाली पडतात आणि पायदळी जातात.

शेवटी दोन शब्द आपणाबरोबर आलेल्या मंडळींस. शिक्षक मित्रहो, गावातील बचत गटाचे प्रूफ वाचून देणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, पण ते आपल्याइतके नीट गावात दुसरे कोण करील? एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून पाहावे, आणि क्रमांकावर प्रत्यक्ष फोन लावून घंटा कोणाकडे वाजते ते ऐकावे. एवढे मी केले असते तर बारा घरांचे नुकसान टळले असते. अधिकारी बंधूंना विनंती अशी की, कार्ड कारागिराचे आहे हे आपण विसरू नये. त्यावर आपली योजना, आपला विभाग आणि मान्यवरांची छायाचित्रे यांची गर्दी झाली, तर ज्या हातांनी वस्तू घडविली त्यांचेच नाव कोपऱ्यात ढकलले जाते.

बंधु-भगिनींनो, माल चांगला करणे हे आपल्या हातात आहे आणि ते आपण करीतच आहात. त्या मालामागून आपले नाव आणि ठिकाण गिऱ्हाइकाच्या घरी बिनचूक पोहोचावे, एवढेच या लहानशा कार्डाचे काम. आता दरवाजे उघडण्याची वेळ झाली आहे. स्टॉलवर गेल्यावर आज पहिले कार्ड कोणाच्या हाती देण्यापूर्वी त्यावरील क्रमांक आपल्याच फोनवरून एकदा लावून पाहा.

जय हिंद! जय महाराष्ट्र!